दिशा बरोबर, आरएसआय बरोबर, तरी कॉलमध्ये पैसे का जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की डेली चार्टवर आरएसआय (भावाचा जोर दाखवणारा इंडिकेटर) ३० च्या खाली गेला की तुम्ही त्या शेअरचा कॉल (ठरलेल्या भावाला घेण्याचा हक्क) घेता, ७० च्या वर गेला की पुट (विकण्याचा हक्क) घेता, एमएसीडी या ट्रेंडच्या इंडिकेटरच्या दोन रेघा एकमेकींना छेदल्या, म्हणजे क्रॉसओव्हर आला, की खात्री धरता, आणि बऱ्याचदा शेअर शेवटी तुमच्या बाजूला जातोसुद्धा, पण प्रीमियम (ऑप्शनची किंमत) वाढत नाही, उलट घेतला त्यापेक्षा कमी होतो. मग आरएसआयची सेटिंग १४ दिवसांवरून ९ किंवा ७ करावी का, आणि आत्ता हातात असलेला कॉल एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे मुदत संपेपर्यंत, धरून ठेवला तर चालेल का, असं विचारलंय.

सेटिंग आणि एक्स्पायरीचं शेवटी सांगतो, कारण खरी अडचण तिथं नाहीये. तुम्ही शेअर घेताना चालेल असा सिग्नल ऑप्शनला लावताय. शेअर घेतला आणि तो दोन टक्के वर जायला तीन आठवडे लागले तरी दोन टक्के तुमचेच. ऑप्शनमध्ये तेच दोन टक्के कधी आले याच्यावर सगळं अवलंबून आहे. आकडे मांडून बघू, मग पटेल.

समजा शेअर १,५०० ला आहे, आयव्ही (प्रीमियममध्ये बाजाराने धरलेली वर्षाची हालचाल) २४ टक्के आणि एक्स्पायरीला ३० दिवस आहेत. १,५०० चा कॉल साधारण ४१ रुपयांना मिळेल (व्याज धरलं नाहीये, हिशोब सोपा राहावा म्हणून). आता शेअर १,५३० ला गेला. दोन दिवसांत गेला तर तो कॉल ५७ च्या आसपास. बारा दिवस लागले तर ४९. बारा दिवस लागले आणि तोपर्यंत आयव्ही २४ वरून २० वर आली तर ४४. आणि रडत रडत सव्वीस दिवसांनी पोचला, म्हणजे एक्स्पायरीला चारच दिवस उरलेत, तर ३५! शेअर तुम्ही म्हणालात तिथंच गेला, तीस रुपये वाढला, आणि तुम्ही सहा रुपये तोट्यात. लॉट (एका ऑप्शन सौद्यातले शेअर) ५०० चा असेल तर एकीकडे आठ हजार नफा, दुसरीकडे तीन हजार तोटा, दिशा दोन्हीकडे बरोबर.

म्हणून ऑप्शन विकत घेणाऱ्याने मोमेंटम इंडिकेटरला एकच गोष्ट विचारायची, की हा शेअर येत्या चार-पाच सेशनमध्ये जोरात हलणार आहे का. वर जाईल की खाली हा त्यातला अर्धाच भाग झाला. आणि ३०/७० ची पद्धत नेमकी या प्रश्नावर सगळ्यात कमकुवत आहे.

का ते आरएसआयच्या गणितातच दिसतं. वेल्स वाइल्डरने १९७८ मध्ये तो मांडला तेव्हापासून गणित तेच आहे. गेल्या १४ दिवसांतली सरासरी वाढ आणि सरासरी घट यांचं गुणोत्तर घ्यायचं आणि ते ० ते १०० मध्ये बसवायचं. आरएसआय ५० म्हणजे दोन्ही सारखे, ६० म्हणजे वाढ घटीच्या दीडपट, ७० म्हणजे सव्वादोनपटीहून थोडी जास्त, ८० म्हणजे चौपट. यात कुठंही शेअर स्वस्त झाला की महाग झाला याचा हिशोब नाहीये, वाढणारे दिवस पडणाऱ्या दिवसांवर किती भारी पडतायत एवढंच तो सांगतो. आणि ७० च्या वर तो गेलाय म्हणजे खरेदीदार सव्वादोनपट भारी आहेत, आणि तुम्ही नेमक्या त्याच वेळी पुट घेताय! टॉप येईलही, पण तो उद्या येईल की दीड महिन्याने हे ७० चा आकडा सांगत नाही, आणि पुटचा प्रीमियम रोज झिजतोय.

ट्रेंटचा २०२४ चा चार्ट उघडून बघा. वर्षाच्या सुरुवातीला तीन हजारांच्या आसपास होता, ऑक्टोबरमध्ये आठ हजारांच्या वर. त्या प्रवासात डेली आरएसआय कितीदा ७० च्या वर गेला ते स्वतः मोजा, आणि प्रत्येक वेळी तेव्हाच्या महिन्याचा पुट घेतला असता तर काय झालं असतं त्याची कल्पना करा.

उलट्या बाजूचं उदाहरण अदानी एंटरप्रायझेसचं. २४ जानेवारी २०२३ ला हिंडेनबर्गचा रिपोर्ट आला, तेव्हा शेअर ३,४०० च्या वर होता. २७ जानेवारीला बंद झाला २,७६० च्या आसपास. आरएसआय तेव्हाच ३० च्या पार खाली होता, म्हणजे तुमच्या नियमाप्रमाणे कॉल घ्यायची वेळ. ३ फेब्रुवारीला तोच शेअर दिवसभरात १,०१७ पर्यंत गेला. त्यानंतर जोरदार उसळीही आली, पण २७ तारखेला कॉल घेतलेल्याच्या हातात तोपर्यंत काय उरलं असेल? आणि अशा वेळी आयव्ही इतकी फुगलेली असते की प्रीमियम मुळातच अवाच्या सवा भरावा लागतो. शेअरचा ट्रेडर म्हणेल सरासरी करतो, थांबतो. ऑप्शनवाल्याकडे थांबायला वेळ नसतो.

तर मग मी काय बघतो ते सांगतो.

डेली चार्टवर मला आरएसआय ३० किंवा ७० ला नको असतो, तो बराच काळ ४० ते ६० मध्ये घुटमळत असेल आणि मग ६० च्या वर बंद झाला असेल तर मला त्यात रस असतो. घुटमळत होता म्हणजे शेअर साइडवेज होता, साइडवेज होता म्हणजे रोजची हालचाल आकसलेली, आणि अशा वेळी सहसा आयव्हीसुद्धा खाली आलेली असते, म्हणजे ऑप्शन तुलनेने स्वस्त. तिथून ६० ओलांडणं म्हणजे जोर नुकताच एका बाजूला झुकायला लागलाय. सुरुवातीला घेतलेल्या ऑप्शनमध्ये तिन्ही गोष्टी मदतीला येतात, दिशा, वेग, आणि आयव्ही वाढली तर तीसुद्धा. ७० ला पोचेपर्यंत थांबलात तर यातल्या दोन संपलेल्या असतात. पुटसाठी हेच उलटं, ४० च्या खाली बंद. पडझडीत आयव्ही वाढते त्यामुळं पुटवाल्याला जरा जास्तीची साथ मिळते, पण पडत्या बाजारातल्या उसळ्यासुद्धा फार तीव्र असतात, एका सकाळी दोन दिवसांचा नफा गायब होतो, म्हणून पुटमधून मी कॉलपेक्षा लवकर बाहेर पडतो.

६० हा काही मंत्र नाहीये बरं का. ५८ ला चालेल, ६२ ला चालेल. महत्त्वाचं हे की आधी शांतता हवी आणि नंतर झुकाव हवा. आधीच महिनाभर पळत असलेल्या शेअरचा आरएसआय ५५ वरून ६२ झाला तर त्याला मी तेवढं वजन देत नाही.

याच्या जोडीला एडीएक्स. तोही वाइल्डरचाच, त्याच पुस्तकातला. त्याला दिशा कळत नाही, फक्त ट्रेंडची ताकद कळते, आणि ऑप्शन घेणाऱ्याला नेमकी तीच हवी असते. २० च्या खाली पडून असलेला एडीएक्स वर वळून २० ओलांडत असेल आणि त्याच सुमारास आरएसआयने ६० ओलांडले असतील तर ते माझ्या दृष्टीने चांगलं जमलेलं चित्र. एडीएक्स ४५ वर असेल तर ट्रेंड दमदार आहे हे खरं पण तो जुना आहे, तिथं नवीन कॉल विकत घ्यायला मला आवडत नाही. एडीएक्स दोनदा स्मूद केलेला असतो त्यामुळं उशिरा हलतो, म्हणून त्याच्या आकड्यापेक्षा तो वळलाय का हे बघा.

एमएसीडीबद्दल. जेराल्ड ॲपेलचा १२-२६-९ हा ट्रेंडमागून चालणारा इंडिकेटर आहे. डेली चार्टवर क्रॉसओव्हर येतो तोपर्यंत हालचालीचे पहिले काही दिवस निघून गेलेले असतात, आणि ऑप्शनमध्ये मलईचे दिवस तेच. म्हणून मी क्रॉसओव्हरसाठी थांबत नाही, हिस्टोग्राम (त्या दोन रेघांमधलं अंतर दाखवणारे खांब) बघतो, तो खाली वाढायचा थांबून आखूड व्हायला लागला की क्रॉसओव्हरच्या आधीच कल कळतो. अजून एक, एमएसीडीचा आकडा रुपयांत असतो. मारुतीचा एमएसीडी आणि आयटीसीचा एमएसीडी शेजारी ठेवून कुणाचा मोमेंटम जास्त हे ठरवता येत नाही, कारण एक शेअर हजारोंच्या घरात, दुसरा शेकड्यांत. शेअरांची आपसात तुलना करायची असेल तर रेट ऑफ चेंज वापरा, तो टक्क्यांत असतो.

स्टोकॅस्टिक हा आणखी एक मोमेंटम इंडिकेटर, तो मी ऑप्शनसाठी वापरत नाही. फार वळवळतो.

आणि इथं एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आरएसआय, एमएसीडी, स्टोकॅस्टिक तिन्ही एका बाजूला आले की लोकांना वाटतं तीन पुरावे मिळाले. हे तिन्ही त्याच भावांतून काढलेले आहेत, म्हणजे एकाच साक्षीदाराला तीनदा विचारून तीन साक्षी झाल्या असं म्हणण्यासारखं आहे. दुसरा पुरावा हवा असेल तर भावाच्या बाहेरचा शोधा. व्हॉल्यूम बघा, एनएसई रोज संध्याकाळी डिलिव्हरीचे आकडे देते ते बघा, आणि फ्युचरचा ओपन इंटरेस्ट (अजून बंद न झालेले सौदे) बघा. भाव वाढतोय आणि ओपन इंटरेस्टही वाढतोय म्हणजे नवीन पैसा येतोय. भाव वाढतोय पण ओपन इंटरेस्ट घटतोय म्हणजे शॉर्टवाले (आधी विकून बसलेले) परत घेऊन पळतायत, अशी तेजी दोन-तीन दिवस झकास दिसते, आरएसआयही ६० पार करतो, आणि शॉर्ट संपले की हवा जाते. कॉल घ्यायचाच असेल तर पहिल्या प्रकारात घ्या. सेक्टरचाही विचार करा, शेअर बँकेचा असेल आणि बँक निफ्टी खाली ओढत असेल तर एकट्या शेअरचा मोमेंटम फार टिकत नाही.

डेलीवर चित्र जमलं की लगेच सकाळी सव्वानऊला उडी मारायची नाही. ब्रेकआउटच्या दुसऱ्या दिवशी शेअर गॅपअप (आदल्या बंद भावाच्या बराच वर) उघडतो, प्रीमियम फुगलेला असतो, बिड-आस्कमध्ये (घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात) मोठी दरी असते, तिथं घेतलेल्या कॉलला मग दिवसभर शेअर हललाच नाही तर संध्याकाळपर्यंत तो लालच. मी खालच्या टाइमफ्रेमवर जातो आणि त्यासाठी ७५ मिनिटांची कँडल घेतो. आपला बाजार ९.१५ ते ३.३०, म्हणजे ३७५ मिनिटं, त्यात ७५ च्या बरोब्बर पाच कँडल बसतात. तासाची कँडल लावली की शेवटी १५ मिनिटांचं शेपूट उरतं आणि इंडिकेटर त्या शेपटाला पूर्ण तासाइतकंच वजन देतो. ७५ मिनिटांच्या चार्टवर पहिली उसळी झाल्यावर भाव जरा मागे येऊ द्यायचा, आरएसआय तिथं ४०-४५ च्या वरच थांबतोय का बघायचं, आणि तिथून वळला, हिस्टोग्रामही वळला, की एंट्री. कधी कधी तो मागे येतच नाही आणि ट्रेड हुकतो. हुकू द्या.

आता चार्टबद्दल एक फार महत्त्वाची गोष्ट, कारण हे मला सारखं दिसतं. इंडिकेटर नेहमी शेअरच्या चार्टवर लावा, ऑप्शनच्या प्रीमियमच्या चार्टवर कधीही नाही. प्रीमियममध्ये शेअरचा भाव, उरलेले दिवस आणि आयव्ही तिन्ही मिसळलेलं असतं, शेअर जागचा हलला नाही तरी थीटामुळं (दिवस सरल्याने होणारी झीज) प्रीमियम रोज घटतो आणि तिथला आरएसआय निव्वळ दिवस सरले म्हणून ओव्हरसोल्ड दाखवतो. त्यात स्टॉक ऑप्शनच्या कित्येक स्ट्राइकमध्ये (ऑप्शनचा ठरलेला भाव, जसा आपला १,५००) दिवसभरात मोजके सौदे होतात, त्या तुटक कँडलवर काढलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. तसंच स्टॉपलॉसही शेअरच्या भावावर ठरवा. १,४७८ तुटला की कॉल विकायचा, असं. प्रीमियमवर ३० टक्क्यांचा स्टॉप लावलात तर शेअर जागेवर असताना नुसत्या आयव्हीच्या हेलकाव्याने तो उडतो. बोनस, स्प्लिट किंवा डीमर्जर झालं असेल तर चार्ट ॲडजस्टेड आहे ना तेही तपासा, नाहीतर भाव एका दिवसात निम्मा झालेला दिसतो आणि पुढचे काही आठवडे आरएसआय खोटं बोलतो.

आयव्ही किती आहे आणि ती परवडते का यासाठी एक सोपा हिशोब. वार्षिक आयव्हीला १६ ने भागा. वर्षात साधारण २५० ट्रेडिंगचे दिवस, त्याचं वर्गमूळ १६ च्या जवळ, म्हणून १६. आयव्ही २४ असेल तर बाजार रोज साधारण दीड टक्क्याची हालचाल धरून चाललाय, १,५०० च्या शेअरला साडेबावीस रुपये. पाच दिवसांसाठी पाचचं वर्गमूळ सव्वादोन, म्हणजे पन्नासेक रुपये. आता तुमचा मोमेंटम सेटअप आला की तो शेअर एरवी पाच दिवसांत किती जातो? पन्नासपेक्षा स्पष्टपणे जास्त जात असेल तर कॉल घेण्यात अर्थ आहे. चाळीसच जात असेल तर तुम्ही दिलेल्या किमतीत ती हालचाल आधीच धरलेली आहे, सिग्नल कितीही देखणा असू दे.

आणि हे "एरवी किती जातो" डोक्यातून काढायचं नाही, मोजायचं. स्टॉक ऑप्शनचा जुना डेटा मिळवून बॅकटेस्ट करणं सामान्य माणसाला अवघड आहे, पण त्याची गरजही नाही. शेअरचे रोजचे भाव एक्सेलमध्ये घ्या, तुमचा सिग्नल जिथं जिथं आला ते दिवस काढा, आणि प्रत्येकासमोर लिहा की पुढच्या पाच सेशनमध्ये तुमच्या बाजूला जास्तीत जास्त किती टक्के गेला, विरुद्ध बाजूला किती गेला, आणि पाचव्या दिवशी कुठं बंद झाला. महिन्यानंतर भाव वर होता का हा रकाना ठेवूच नका, तो ऑप्शनवाल्याच्या कामाचा नाही आणि तोच फसवतो. दहा-पंधरा लिक्विड शेअर घेऊन हे केलंत की दिसेल काही शेअर ६० ओलांडल्यावर खरंच सुटतात आणि काही परत आत येऊन बसतात. जे सुटतात तेवढेच ट्रेड करा. हे एक काम तुम्ही केलंत तर बाकी मी लिहिलेलं निम्मं वाचलं नाही तरी चालेल, इतकं ते महत्त्वाचं आहे.

स्ट्राइक एटीएम (चालू भावाजवळचा) किंवा एक स्ट्राइक आत (कॉलसाठी चालू भावाच्या खालचा), डेल्टा (शेअर रुपयाने हलला की प्रीमियम किती हलतो) ०.५ ते ०.६. लांबचे ओटीएम (चालू भावाच्या बाहेरचे) दोन-तीन रुपयांना मिळतात म्हणून लोक घेतात, पण चार दिवसांच्या मोमेंटमला ते पुरेसे हलत नाहीत, आणि विकायला जाल तेव्हा समोर खरेदीदार नसतो. बिड १८.२० आणि आस्क १९.४० असेल तर घेतल्या क्षणी तुम्ही सहा टक्के मागे आहात, म्हणून लिमिट ऑर्डरच टाका. रिलायन्स, एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय, एसबीआय अशा मोठ्या नावांत ही दरी कमी असते, यादीच्या तळातल्या शेअरांत ती नफा खाऊन टाकते. शेअर बॅनमध्ये गेला, म्हणजे मार्केटवाइड लिमिटच्या (त्या शेअरच्या फ्युचर-ऑप्शन सौद्यांची एकूण मर्यादा) ९५ टक्क्यांवर पोझिशन गेली, तर नवीन पोझिशन घेता येत नाही हेही लक्षात असू द्या, जोरदार मोमेंटमवाले शेअरच बहुतेकदा बॅनच्या जवळ असतात.

एक्स्पायरी निवडताना आपल्याकडे स्टॉकला फक्त मंथली आहे, वीकली नाही, आणि सप्टेंबर २०२५ पासून एनएसईची मंथली एक्स्पायरी महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते. पुढच्या महिन्याच्या स्टॉक ऑप्शनमध्ये महिन्याच्या मध्यापर्यंत फारसे सौदेच नसतात. त्यामुळं विकत घेण्यासाठी सोयीचा काळ म्हणजे नवीन सिरीज (पुढच्या एक्स्पायरीचा महिना) सुरू झाल्यापासूनचे पहिले दोन आठवडे. त्यात सेटअप आला तर कॉल किंवा पुट सरळ घेतो. तोच सेटअप एक्स्पायरीच्या नऊ दिवस आधी आला तर? वरच्याच शेअरचा एटीएम कॉल तेव्हा साधारण २२-२३ रुपये असतो आणि शेअर हलला नाही तर एका आठवड्यात १०-११ वर येतो, म्हणजे निम्मा गेला. सुरुवातीच्या एका आठवड्यात हीच झीज ४१ मधून पाचेक रुपये असते. म्हणून महिन्याच्या शेवटच्या टप्प्यात मी एकतर सोडून देतो नाहीतर स्प्रेड करतो, १,५०० चा कॉल घ्यायचा आणि १,५४० चा विकायचा. आयव्ही आधीच चढलेली असेल तेव्हाही स्प्रेडच बरा, विकलेल्या कॉलमुळं थीटा आणि आयव्ही दोन्हीचा मार कमी होतो. वरचा नफा मर्यादित होतो हे खरं, पण पाच दिवसांच्या मोमेंटममध्ये शेअर अमर्याद जात नसतोच.

कंपनीच्या तिमाही रिझल्टच्या आधी मोमेंटमवर ऑप्शन विकत घेऊ नका. हे मी ठामपणे सांगतो. समजा १,५०० चा शेअर, पंधरा दिवस बाकी, रिझल्टमुळं आयव्ही ३६ वर चढलेली, कॉल ४४ रुपये. रिझल्ट चांगला आला, शेअर वीस रुपये वर, पण अनिश्चितता संपल्यामुळं आयव्ही २२ वर. कॉल ३७. शिवाय रिझल्टची गॅप कुठल्याच इंडिकेटरला आधी दिसत नाही. १६ जानेवारी २०२४ ला संध्याकाळी एचडीएफसी बँकेचा रिझल्ट आला आणि दुसऱ्या दिवशी एवढा मोठा शेअर आठ टक्क्यांहून जास्त पडला. लोकसभेच्या निकालावेळी ३ जून २०२४ ला एक्झिट पोलमुळं एसबीआय ९०० च्या वर बंद झाला, मोमेंटम म्हणाल तर चार्टवर मावत नव्हता, आणि ४ जूनला तो १४ टक्क्यांच्या आसपास खाली. त्याच दिवशी इंडिया व्हीआयएक्स (निफ्टीच्या ऑप्शनमधली आयव्ही मोजणारा निर्देशांक) ३० च्या वर गेला आणि लगेच दुसऱ्या दिवशी २० च्या खाली आला. म्हणजे घाबरून ४ तारखेला दुपारी पुट घेतलेल्याचाही प्रीमियम वितळला. तारीख ठरलेली घटना असेल तेव्हा मोमेंटमचं वाचन त्या तारखेपुरतं बाजूला ठेवा, ती उलटू द्या, आणि मग उरलेल्या आयव्हीवर, नव्या दिशेला, सेटअप परत शोधा. रिझल्टनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळणारे ट्रेड मला सगळ्यात जास्त आवडतात, आयव्ही उतरलेली असते आणि दिशा ठरलेली असते.

बाहेर कधी पडायचं, तर माझ्याकडे भावाच्या स्टॉपइतकाच वेळेचा स्टॉप महत्त्वाचा आहे. तीन-चार सेशनमध्ये शेअर निदान एका दिवसाच्या अपेक्षित हालचालीइतका, म्हणजे आपल्या उदाहरणात बावीस-तेवीस रुपये, तुमच्या बाजूला गेला नाही तर विकून मोकळे व्हा. भावाचा स्टॉप लागला नाहीये, सेटअप अजून मोडला नाहीये, सगळं खरं, पण ज्या वेगासाठी पैसे दिले तो वेग आलेला नाही. नफ्यात असाल तर ७५ मिनिटांवर हिस्टोग्राम आखडायला लागला की निम्मं काढा, आरएसआय ४० च्या खाली गेला की उरलेलं. एकच लॉट असेल तर वरच्या स्ट्राइकचा कॉल विकून स्प्रेड करून टाका. डायव्हर्जन्सचा उपयोगही मी इथंच करतो. भाव नवीन उच्चांकाला आणि आरएसआय आधीच्या शिखराखाली, असं दिसलं तर हातातला कॉल आवरता घ्यायला ते पुरेसं आहे, पण त्यावर उलटा पुट घ्यायला अजिबात नाही, दमदार तेजीत अशी तीन-तीन डायव्हर्जन्स येतात आणि शेअर चालतच राहतो.

पैशांचं थोडं स्पष्ट बोलतो. ४१ रुपयांचा कॉल आणि ५०० चा लॉट म्हणजे साडेवीस हजार. तुमचं भांडवल लाखभर असेल तर एका ट्रेडमध्ये पाचवा भाग गेला, आणि चांगल्या पद्धतीतही सलग चार-पाच ट्रेड चुकणं अगदी नेहमीचं आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले होते, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर आणि ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. त्यात हजारो लोकांना आरएसआय कळत असणार. एका ट्रेडमध्ये भांडवलाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ नये असं बसत नसेल तर स्प्रेड करा, कमी भावाचा लॉट शोधा, किंवा भांडवल साठेपर्यंत कागदावर ट्रेड करत त्या एक्सेलमध्ये भर घाला.

आता सेटिंग. १४ चा ९ केलात तर आरएसआय लवकर हलेल, सिग्नल वाढतील, खोटेही वाढतील. वाइल्डरच्या पद्धतीत आजच्या दिवसाला १४ पैकी एक वजन मिळतं, ९ केल्यावर ९ पैकी एक, फरक एवढाच. वेग वाढवायचा असेल तर १४ तसाच ठेवून खालच्या टाइमफ्रेमवर जा, म्हणजे डेलीचं चित्र आणि एंट्री वेगवेगळी राहतात. एक मात्र करू नका, एक्सेलमधल्या जुन्या सिग्नलवर ७, ८, ९, १०, ११ सगळं लावून ज्याने सगळ्यात जास्त नफा दाखवला ते निवडणं. तो आकडा त्या जुन्या भावांपुरताच असतो.

आणि एक्स्पायरीपर्यंत धरणं, तर नाही. स्टॉक ऑप्शन ऑक्टोबर २०१९ पासून पूर्ण डिलिव्हरीने सेटल होतात. १,५०० चा कॉल आत संपला, म्हणजे शेअर १,५०० च्या वर राहिला, आणि कॉल तुमच्याकडेच असला तर ५०० शेअर घ्यायला साडेसात लाख भरावे लागतात, पुट आत संपला तर ५०० शेअर द्यावे लागतात, नसतील तर ऑक्शनचा फटका, म्हणजे ते बाजारातून तुमच्या खर्चाने घेतले जातात. शेवटच्या आठवड्यात आत असलेल्या ऑप्शनवर मार्जिनही टप्प्याटप्प्याने वाढत जातं, आणि सेटलमेंटचा भाव शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर ठरतो, त्यामुळं काठावरचा स्ट्राइक ऐन वेळी आत की बाहेर हे तुमच्या हातात राहत नाही. आत्ता तुमच्याकडे जो कॉल आहे म्हणताय, त्याची एक्स्पायरी आठवड्याच्या आत असेल तर आरएसआय काय म्हणतोय ते न बघता उद्या लिमिट लावून विका, आणि शेअरबद्दल मत तेच असेल तर नवीन सिरीजमध्ये सेटअप आल्यावर परत घ्या.